गोळी धडधाकट माणसासाठीच आहे
हत्तीरोगाबद्दल प्रत्येक घराला माहीत असावे असे

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, शिवाय वर्धा, नांदेड आणि राज्यातल्या आणखी काही जिल्ह्यांत, हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघरी फिरतात. दारात त्यांना एक उत्तर हमखास मिळते: “आम्हाला काही झालेले नाही. गोळ्या त्या पाय सुजलेल्या म्हाताऱ्याला द्या.”

बोलणाऱ्याला हे पटलेले असते आणि ऐकणारा शेजारीही मान डोलावतो. पण हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या गावात टिकून आहे तो याच समजुतीच्या आधाराने. सुजलेल्या पायाचा माणूस सहसा हा रोग पसरवत नाही. पसरवतो तो धडधाकट दिसणारा माणूस, ज्याच्या रक्तात जंतांची पिल्ले फिरत असतात आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मोहिमेतली गोळी आधी त्याच्यासाठी आहे. सुजलेल्या पायाला गोळीपेक्षा वेगळ्या, रोजच्या काळजीची गरज असते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की काय करायचे ते प्रत्येक घराला उमगते.

रोग जडतो कसा

हत्तीरोग शाप नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही आणि आनुवंशिकही नाही. तो एका बारीक, दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो. भारतातल्या जवळपास सर्व रुग्णांमध्ये वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा जंत सापडतो. त्याची मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते, नर तिच्या निम्म्याहून लहान. हे जंत आतड्यात राहत नाहीत, लसिकावाहिन्यांत राहतात. पेशींमधले जादा पाणी गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या या वाहिन्या म्हणजे शरीरातल्या नाल्याच. जंतांनी तिथे मुक्काम केला की त्या फुगतात, निकामी होतात, पाणी साचत जाते आणि काही वर्षांनी पाय, हात, स्तन किंवा अंडकोष सुजतो.

मादी जंत लाखो पिल्ले सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. दिवसा ती फुप्फुसांच्या वाहिन्यांत दडून असतात आणि रात्री हातापायांच्या रक्तात उतरतात. आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. रक्त पिताना डासाच्या पोटात ही पिल्ले जातात, दहा ते चौदा दिवसांत वाढून तयार होतात आणि डासाच्या सोंडेशी येऊन थांबतात. तो डास दुसऱ्याला चावला की अळी त्याच्या त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरते.

मलेरियाचे जंतू डासाच्या शरीरात कैक पटींनी वाढतात. हत्तीरोगाचे तसे नाही. जितकी पिल्ले डासाच्या पोटात गेली त्याहून जास्त अळ्या बाहेर येत नाहीत, उलट बऱ्याच वाटेतच मरतात. त्यामुळे एकदोन डास चावून हा रोग जडत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे शेकडो चावे व्हावे लागतात. म्हणूनच हा पाहुण्याचा रोग नाही. जिथे उघड्या नाल्या आहेत आणि माणसे रोज रात्री डासांत झोपतात, तिथेच तो राहतो. हीच त्याची दुबळी बाजूही आहे: रक्तातली पिल्ले आणि गावातले डास दोन्ही कमी केले तर साखळी तुटते आणि पुन्हा सहजासहजी जुळत नाही.

डास माणसाचा रोग वाहून नेतो ही गोष्टच वैद्यकाला या रोगाने शिकवली. १८७२ मध्ये टिमथी लुईस यांना कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्ले दिसली. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय बंदरात काम करताना ती डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ मध्ये.

सूज दिसण्याआधीची वर्षे

बहुतेकांना हा संसर्ग लहानपणीच होतो. सूज मात्र तरुणपणी किंवा त्याहून उशिरा दिसते. मधल्या वर्षांत माणूस शेतात राबतो, लग्न करतो, मुले वाढवतो आणि त्याला काहीही जाणवत नाही. पूर्ण वाढलेला जंत साधारण सहा ते आठ वर्षे जगतो आणि त्यातली बरीच वर्षे पिल्ले सोडत राहतो. उलट पाय हत्तीसारखा झालेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात पिल्ले सापडतच नाहीत. जंत मरून गेलेले असतात, मागे उरते ती वाहिन्यांची मोडतोड.

म्हणजे सुजलेल्या पायाच्या आजीजवळ बसल्याने, तिच्या ताटात जेवल्याने, तिचे कपडे धुतल्याने कोणाला हत्तीरोग होत नाही. तिला चावून उडालेला डासही सहसा रोगाचा नसतो. संसर्गाचा साठा असतो तो बाजेवर निवांत झोपलेल्या, ठणठणीत दिसणाऱ्या तरुणांच्या रक्तात.

रक्ततपासणी रात्री होते तीही यासाठीच. आरोग्य कर्मचारी रात्री साडेआठनंतर, जेवणे आटोपल्यावर येतात आणि बोटाला टोचून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेतात. दिवसा घेतलेल्या थेंबात पिल्ले सापडण्याची शक्यता फार कमी असते. काही ठिकाणी हत्तीरोगासाठी स्वतंत्र रात्र चिकित्सालयेही आहेत. रात्री कोणी रक्त मागायला आले म्हणून शंका घेऊ नका. ओळखपत्र पाहा, सोबत गावची आशाताई आहे का ते पाहा आणि बोट पुढे करा. तपासणीत पिल्ले आढळली तर घाबरण्याचे कारण नाही. डीईसी गोळ्यांचा बारा दिवसांचा उपचार दिला जातो, तो पूर्ण करा.

मोहिमेतल्या गोळ्या

एकेकाच्या रक्तात पिल्ले शोधून उपचार करत बसले तर तपासणीत निसटलेले, घरी नसलेले, थेंब न दिलेले असे कितीतरी सुटतात. म्हणून जिथे रोगाचा प्रसार चालू आहे तिथे सर्वांनाच एकाच वेळी औषध दिले जाते. भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि २००४ पासून अशा सामुदायिक औषधोपचार मोहिमा देशभर घेतल्या जाऊ लागल्या. आधी डीईसी एकटी, पुढे तिच्या जोडीला अल्बेंडाझोल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडण्याची शिफारस केली. भारतात ही तीन औषधांची पद्धत सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत आली त्यांत नागपूर जिल्हा होता. तिन्ही औषधे एकत्र घेतली की रक्तातली पिल्ले दोन औषधांपेक्षा जास्त काळ नाहीशी राहतात.

गोळ्या किती घ्यायच्या हे वय आणि उंची पाहून ठरते. डीईसीच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या २ ते ५ वर्षांच्या मुलाला एक, ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दोन आणि १५ वर्षांवरच्या सर्वांना तीन अशा दिल्या जातात. अल्बेंडाझोलची एक गोळी चावून खायची असते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या उंची मोजून देतात, त्यासाठी कर्मचारी उंचीची पट्टी सोबत आणतात. तुमच्या जिल्ह्यात दोन औषधे चालू आहेत की तीन, हे आशाताई सांगतील.

गोळ्या घेताना हे लक्षात ठेवा:

- उपाशीपोटी घेऊ नका. आधी भाकरी-भाजी, भात, जे असेल ते खा. सकाळी उपाशी शेतावर निघालेल्याने दोन घास खाऊनच गोळ्या घ्याव्यात.
- गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळा. “ठेवून जा, रात्री घेतो” म्हणून ठेवलेल्या गोळ्या बहुधा फडताळातच राहतात. त्या मुलांच्या हाती लागण्याचा धोका वेगळाच.
- दोन वर्षांखालील बाळ, गरोदर स्त्री आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देत नाहीत. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला पहिला आठवडाभर देत नाहीत. घरात असे कोणी असेल तर आधीच सांगा.
- रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असली आणि तब्येत स्थिर असली तर गोळ्या घेता येतात. मनात शंका असेल तर कर्मचाऱ्याला विचारा, पण न सांगता टाळू नका.

गोळ्या घेतल्यावर काहींना त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताप, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंगदुखी होते. हीच गोष्ट गावात “गोळीने माणूस आजारी पडला” अशी पसरते आणि पुढची दहा घरे दार लावून घेतात. खरे कारण असे की रक्तातली पिल्ले एकदम मरतात आणि त्यांचे अवशेष बाहेर टाकताना शरीर तापते. ज्यांच्या रक्तात पिल्ले नाहीत त्यांना बहुधा काहीच होत नाही. म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला त्या गोळीची गरज होती. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढ्यावर हा त्रास एकदोन दिवसांत जातो. तो जास्त वाटला, उलट्या थांबेनात किंवा अंगावर पुरळ उठले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मोहिमेच्या दिवसांत तिथे त्यासाठी तयारी ठेवलेली असते.

कोण सुटते?

मोहीम यशस्वी व्हायची तर एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात गोळ्या जाव्या लागतात, तेही वर्षातून एकदा असे सलग काही वर्षे. नोंदवहीत गोळ्या वाटल्या गेल्या आणि त्या प्रत्यक्ष खाल्ल्या गेल्या यांत मोठे अंतर असते. सुटणारी माणसेही दर वर्षी बहुधा तीच असतात. शिकलेले, नोकरी करणारे म्हणतात, “हे आमच्यासाठी नाही.” तरुण मुले घरी सापडत नाहीत. वीटभट्टीवरची, राइस मिलमधली, रस्त्याच्या कामावरची बाहेरगावची कुटुंबे कोणाच्याच यादीत नसतात. देशभरात मोहिमा साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टपासून सुरू होतात. फेब्रुवारीत गडचिरोली-चंद्रपूरकडची कितीतरी माणसे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. ऑगस्टमध्ये रोवणी आणि निंदणाची घाई असते, सकाळी घरांना कुलूप असते.

अशा गावांत गोळ्या संध्याकाळी, जेवणाच्या वेळी वाटल्या गेल्या पाहिजेत. मुकादमाने आपल्या टोळीला निघण्याआधी किंवा परतल्यावर गोळ्या मिळवून द्याव्यात. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, दुकानदार यांनी चावडीत सर्वांसमोर पहिली गोळी घ्यावी. गावातला सुशिक्षित माणूस गोळी टाळतो तेव्हा त्याच्याकडे पाहून आणखी चार घरे टाळतात, याचे भान त्याने ठेवावे.

डास जन्मतो कुठे

डेंगीचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. हत्तीरोगाच्या क्युलेक्स डासाला घाण पाणी हवे असते आणि तो रात्री चावतो. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळून रांजण आणि टाक्या घासल्या, डेंगी आवरला, तरी हत्तीरोगाचा डास तसाच राहतो. तो घरामागच्या मोरीच्या डबक्यात, तुंबलेल्या नालीत, संडासाच्या टाकीत आणि पडीक विहिरीत वाढतो. मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या तराफ्यासारखी चिकटवून घालते. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. अळी ओळखायची असेल तर डबक्यातले पाणी पांढऱ्या वाटीत घ्या. क्युलेक्सची अळी डोके खाली आणि शेपटीकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून तिरपी लटकते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर आडवी पडून असते.

गेल्या काही वर्षांत घरोघरी शौचालये झाली, हे फार मोठे काम झाले. पण शौचखड्ड्यातून वर काढलेल्या हवेच्या पाइपाचे तोंड उघडे राहिले तर ती क्युलेक्सची जा-ये करण्याची वाटच होते. त्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी घालून तारेने घट्ट बांधा. दहा-वीस रुपयांचे काम आहे, आणि गावातल्या प्रत्येक शौचालयावर ते झाले तर डास किती कमी होतात ते पुढच्याच हंगामात दिसते. खड्ड्यावरच्या फरशीला तडा गेला असेल तर तो सिमेंटने बुजवा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत झांझिबार बेटावर मकुंदुची गावात १९८८ मध्ये संडासाच्या खड्ड्यांतल्या पाण्यावर थर्माकोलच्या बारीक गोळ्यांचा थर पसरला आणि जोडीला गावकऱ्यांना डीईसी दिली. डासाच्या अळ्यांना श्वास घेता येईना, आणि गावातला डास व संसर्ग दोन्ही एकदम खाली आले.

सांडपाण्यासाठी सर्वांत टिकाऊ उपाय शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघरांत शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्याच नको करून टाकल्या आणि डासमुक्त गाव म्हणून नाव कमावले. पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनीही हा मार्ग धरला. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा घेऊन त्यात भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात, भोवती दगडगोटे भरतात आणि वरून झाकतात. मोरीचे पाणी आत जाते आणि जमिनीत मुरते, साचत नाही. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरते. तिथे खड्ड्याचा आकार पंचायतीच्या अभियंत्याला विचारून ठरवा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर खड्डा त्यापासून पुरेसा दूर घ्या. रोजगार हमी योजनेतून या कामाला पैसे मिळू शकतात, ग्रामसभेत मागणी करा.

शोषखड्डा होईपर्यंत नाली आठवड्यातून एकदा वाहती करा. डबके बुजवता येत नसेल तर त्यावर जळके ऑइल टाका. विहिरी, टाकी, तलाव यांत गप्पी मासे सोडा. अळीनाशक औषध कर्मचाऱ्यांनीच टाकावे, ते घरच्यांनी हाताळू नये.

आणि मच्छरदाणी. उन्हाळ्यात विदर्भात माणसे अंगणात बाज टाकून झोपतात, तिथेही ती बांधता येते. बाजेच्या चार पायांना काठ्या लावा आणि कडा गादीखाली खोचा. संसर्ग लहानपणीच होत असल्याने घरात एकच मच्छरदाणी असेल तर त्यात आधी मुले झोपवा. कडुनिंबाचा धूर थोडा वेळ डास हटवतो, पण रात्रभर पुरत नाही.

पाय सुजला असेल तर

दोन्ही पायांना सारखीच सूज असेल, धाप लागत असेल किंवा चेहराही सुजत असेल तर हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तक्षय अशी वेगळी कारणे असू शकतात. आधी डॉक्टरांना दाखवून निदान करून घ्या. हत्तीरोगाची सूज बहुधा एका पायात, पाऊल आणि घोट्यापासून सुरू होते. सुरुवातीला रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी ती उतरलेली असते. हाच काळ सर्वांत मोलाचा. या वेळी पायाची काळजी घेतली तर सूज आटोक्यात राहते. वर्षे गेल्यावर कातडी जाड होते, घड्या आणि गाठी पडतात, मग सूज पूर्णपणे उतरत नाही. तेव्हाही काळजी घेतली तर ती वाढत नाही आणि दुखणे थांबते.

या काळजीला महाग औषध लागत नाही. बादलीभर साधे पाणी, अंगाचा साधा साबण आणि स्वच्छ सुती कापड एवढे पुरते. रोज, शक्यतो झोपण्याआधी:

१. पाय उजेडात नीट पाहा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत का, टाचेला भेग, कुठे काटा, ओरखडा, जखम आहे का?
२. साध्या पाण्याने पाय भिजवा. गरम पाणी नको. साबण हातावर घेऊन फेस करा आणि गुडघ्यापासून खाली, हळुवार हाताने धुवा. दगडाने किंवा घासणीने घासू नका. बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या नीट स्वच्छ करा.
३. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. साबण राहू देऊ नका.
४. कापडाने टिपून कोरडे करा. बेचक्यांत कापडाची बारीक पट्टी सरकवून ओल टिपा. घरात एकाने एवढी मदत केली तरी रुग्णाला हे जमते.
५. चिखल्यांना बुरशीचे मलम आणि जखमेला जंतुनाशक मलम लावा. दोन्ही आरोग्य केंद्रात मिळतात.
६. पायाखाली उशी घेऊन झोपा. बसताना पाय लोंबकळत ठेवू नका. हृदयविकार असेल तर पाय उंच ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.
७. दिवसातून काही वेळा टाच वर-खाली करा आणि पाऊल गोल फिरवा. स्नायू हलले की पाणी वर सरकते.
८. सैल, रुंद, बंद चपला घाला. नखे सरळ आणि काळजीपूर्वक कापा.

रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहावे लागते. तेव्हा शक्य असेल तर गमबूट घाला. नसतील तर बांधीतून बाहेर येताच पाय धुऊन कोरडे करा. पावसाळ्यात या रुग्णांचे हाल वाढतात ते या चिखल्यांमुळेच, कारण त्या छोट्याशा भेगेतून जिवाणू आत जातात.

झटका आला तर

एकाएकी थंडी वाजून ताप येतो, पाय लाल, गरम होतो, ठणकू लागतो आणि जांघेत अवधाण येते. वर्षातून अनेकदा असे झटके येणारे रुग्ण असतात आणि प्रत्येक झटक्यामागे सूज थोडी वाढते. या झटक्यामागे बहुधा जंत नसतात, कातडीतून आत शिरलेले जिवाणू असतात. म्हणून पाय रोज धुण्याने झटके कमी होतात. स्वच्छता हाच इथला मुख्य उपचार आहे.

झटका आला की विश्रांती घ्या आणि पाय उंच ठेवा. थंड पाण्यात पिळलेले कापड पायावर ठेवा, भरपूर पाणी प्या, तापासाठी पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, प्रतिजैविक लागते. शेक देऊ नका, चोळू नका, फोड फोडू नका, डाग देऊ नका, जडीबुटीचा लेप लावू नका आणि व्यायाम बंद ठेवा. झटका उतरेपर्यंत डीईसी घेऊ नका.

अंडवृद्धी आणि स्तनांची सूज

पुरुषांमध्ये हत्तीरोगाची खूण म्हणून पायापेक्षाही अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, अधिक आढळते. शरमेपायी माणसे धोतरात, लुंगीत ती वर्षानुवर्षे लपवतात, सायकल चालवणे सोडतात, मजुरी सोडतात. पण हे दुखणे शस्त्रक्रियेने दूर होते. ती शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि काही आठवड्यांत माणूस कामावर परततो. गावातल्या अप्रशिक्षिताकडून सुई टोचून पाणी काढून घेऊ नका. पाणी पुन्हा भरते आणि आत पू होण्याचा धोका असतो. स्त्रियांमध्ये स्तन किंवा योनीबाहेरच्या भागाला सूज आली तर त्या बहुधा गप्प राहतात. आशाताईंशी एकांतात बोला. स्तनात गाठ किंवा सूज असेल तर दुसरी कारणेही तपासावी लागतात, म्हणून ती कधीच अंगावर काढू नका.

घराने आणि गावाने काय करावे

ज्या घरात हत्तीपाय आहे तिथल्या मुलीचे लग्न मोडते, मुलाला चिडवतात, म्हाताऱ्याला वेगळे ताट देतात. हे अन्यायाचे आहे आणि अज्ञानाचेही. हा पाय आनुवंशिक नाही आणि संसर्गजन्यही नाही. त्या माणसाला हवी आहे धुण्यासाठी बादली, टिपण्यासाठी कापड आणि घरातल्या कोणाची तरी पाच मिनिटे. ही पाच मिनिटे देणे हाच त्याचा उपचार.

गावासाठी कामांची यादी लांब नाही. मोहिमेच्या तारखा आठवडाभर आधी दवंडीने आणि शाळेतून कळवा. टोळ्या, भट्ट्या, मिल यांची वेगळी यादी करा. प्रत्येक शौचालयाच्या पाइपाला जाळी बसली का ते एका दिवशी सर्व मिळून पाहा. शोषखड्ड्यांचा ठराव ग्रामसभेत करा. हत्तीपायाच्या रुग्णांची यादी आरोग्य केंद्राकडे द्या आणि पाय धुण्याचे प्रात्यक्षिक मागा.

हा रोग संपतो, हे शेजाऱ्यांनी करून दाखवले आहे. हत्तीरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही, अशी मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका आणि मालदीवला २०१६ मध्ये, थायलंडला २०१७ मध्ये आणि बांगलादेशला २०२३ मध्ये दिली. तिथली हवा, डास आणि गावे आपल्यासारखीच आहेत. भारताने त्यासाठी २०२७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. ते दिल्लीत किंवा मुंबईत पुरे होणार नाही, तुमच्या ओसरीवर होईल. पुढच्या वेळी आशाताई दारात येतील तेव्हा तुमची तब्येत ठणठणीत असेल. तरीही जेवा आणि त्यांच्यासमोर गोळ्या गिळा. घरातल्या ज्यांना त्या चालतात अशा प्रत्येकाला घ्यायला लावा.